पेनसिल्वेनियात हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन घ्यावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शेजारच्या आजोबांनी शेतावर नेऊन त्यांची जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे चापाभोवतीची कडी ढकलून काडतूस चढवायची रायफल हातात दिली, थर्टी-थर्टी नावाच्या काडतुसाची, तुम्ही पाच-सहा गोळ्या झाडल्या आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. यंदा आजोबांबरोबर हरणाच्या सीझनला जंगलात जायचं आहे. हजार-बाराशे डॉलर बाजूला काढून ठेवलेत. पण ऑफिसातले मित्र चिडवतात, काऊबॉय व्हायचंय का म्हणून. त्यांच्या मते त्याच पैशात दुर्बिणीसकट बोल्ट-अ‍ॅक्शन (बाजूची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची रायफल) येईल, नाहीतर सरळ एआर, म्हणजे काडतूस आपोआप चढणारी सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी. तेव्हा लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये खरंच काही दम आहे की नुसती हौस, असं तुम्ही विचारलंय.

हौस आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्या मागे व्यवहाराचंही बरंच काही आहे आणि दुकानात कोणी सांगत नाही असे तोटेही आहेत. मी मूळचा सिंधुदुर्गातला. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षक परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि डुकरं नेमकी त्याच पंधरवड्यात शेतात उतरायची. बंदुकीशी माझी लहानपणीची ओळख एवढीच. इथे विल्यम्सपोर्टच्या उत्तरेला माझे चोवीस सीझन झाले आणि गेली पंधरा वर्षं शनिवारी गावातल्या एका बंदूक-दुरुस्तीवाल्याच्या बाकावर बसतो. पुढचं सगळं त्या जंगलातून आणि त्या बाकावरून आलेलं आहे. तुमचं जंगल वेगळं असेल तर उत्तरही थोडं वेगळं असेल.

त्याआधी एक गोष्ट. तुम्ही व्हिसाबद्दल काही लिहिलेलं नाही. एच-१बीवर असाल तर हे नीट वाचा. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. त्याला काही मोजके अपवाद आहेत. आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. तो खिशात असेल तर दुकानातून रायफल घेताही येते आणि बाळगताही येते. तो नसताना आजोबांच्या शेतावर झाडलेल्या त्या पाच-सहा गोळ्या कुठल्या खात्यात जमा होतात, ते मी इथे लिहीत नाही. ग्रीन कार्ड असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आणि तात्पुरत्या व्हिसावरची नवीन माणसं चुकतात ती इथे: पेनसिल्वेनियाचा परवाना १ जुलै ते ३० जून असा चालतो. सीझन डिसेंबरात संपतो, परवान्याचा विसर पडतो आणि जुलै उजाडला की कपाटातली तीच रायफल बेकायदा होते. शिकार करायची असो वा नसो, परवान्याचं नूतनीकरण करत राहा. पहिला परवाना काढण्याआधी शिकार-सुरक्षेचा राज्याचा कोर्स करावा लागतो, तोही टाळू नका. आणि व्हिसाचं प्रकरण एकदा वकिलाच्या कानावर घाला. फी जाईल, पण झोप लागेल.

आता मूळ मुद्दा. ‘लिव्हर की बोल्ट’ हा प्रश्न मला नेहमी उलटा वाटतो. आधी सांगा, तुम्ही उभे कुठे राहणार? मोंटानाच्या उघड्या माळावर तीनशे यार्डांवरचं हरीण टिपायचं असेल तर माझं उत्तर एका ओळीत संपतं: बोल्ट-अ‍ॅक्शन घ्या, वर चांगली दुर्बीण बसवा. पण आमच्याकडचं जंगल तसं नाही. वर सपाट डोंगरमाथे, मध्ये अरुंद घळी, हेमलॉकची दाट सावली आणि कमरेपासून डोक्यापर्यंत माउंटन लॉरेलची जाळी. करवंदीच्या जाळीतून वाट काढली असेल तर तुम्हाला कल्पना येईल, फक्त इथे काटे नाहीत. अशा जागी चाळीस पावलांपलीकडचं दिसतं ते हरीण नसतं, हरणाचा एखादा तुकडा असतो: कानाची हालचाल, पाठीची आडवी रेघ. मी मारलेल्या हरणांची वही ठेवतो. त्यातलं सर्वांत लांबचं एकशे दहा यार्डांवर होतं आणि निम्म्याहून जास्त साठ यार्डांच्या आतली आहेत. तुमचे आजोबा याच पट्ट्यात शिकार करत असतील तर त्यांनी चाळीस वर्षं थर्टी-थर्टी का वापरली ते कोडं नाही.

शिकार म्हटलं की लोक गोळी सुटण्याचा क्षण डोळ्यांपुढे आणतात. प्रत्यक्षात सकाळी सहाला ट्रकमधून उतरल्यापासून अंधार पडेपर्यंत रायफल नुसती हातात असते. गोळी सुटली तर दिवसात एकदा, बहुतेक दिवशी तीही नाही. म्हणजे तुम्ही विकत घेताय ती आठ तास वाहून न्यायची वस्तू. लिव्हर रायफलींतली दोन नेहमीची मॉडेलं घ्या: विंचेस्टर ९४ चं वजन साडेसहा-पावणेसात पौंड, मार्लिन ३३६ चं सात, लांबी साधारण अडतीस इंच. आकडे काही थक्क करणारे नाहीत, हलक्या बोल्ट-अ‍ॅक्शनही मिळतात. फरक आकड्यात नाही, आकारात आहे. लिव्हर रायफलचा मधला लोखंडी भाग चपटा असतो. बाजूला बोल्टची मूठ नाही, खाली मॅगझीनची, म्हणजे काडतुसं साठवायची पेटी नाही. रायफल जिथे तोलली जाते बरोबर तिथेच हाताची पकड बसते, पाण्याचा तांब्या कंगोऱ्याखाली धरावा तशी. दुर्बीण लावलेली बोल्ट रायफल एका हातात धरून बघा. तोलाच्या जागी वर दुर्बीण आणि खाली मॅगझीन, बोटं कुठे घालायची तेच कळत नाही. शेवटी पट्टा खांद्याला अडकवता, आणि हरीण उठतं तेव्हा रायफल पाठीवर असते.

खांद्याला लावण्याचंही तसंच. वीस इंची नळी जाळीत अडकत नाही आणि रायफल वर येते ती थेट डोळ्यासमोर. लॉरेलमधून उठलेलं हरीण दोन-तीन सेकंदच दिसतं. ते दोन सेकंद दुर्बिणीत हरीण शोधण्यात गेले तर नंतर फक्त हलणारी पानं उरतात.

दुसऱ्या गोळीच्या वेगाबद्दल मात्र फार वाढवून सांगितलं जातं. चापाभोवतीची ती कडी खाली-पुढे ढकलली की बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी उडते, घोडा चढतो. कडी परत ओढली की नवं काडतूस नळीत. हे सगळं रायफल खांद्यावरून न काढता होतं, हे खरं. सिनेमात दिसतो तसा गोळ्यांचा पाऊस जंगलात कोणी पाडत नाही, पाडूही नये. दुसऱ्या गोळीचा खरा उपयोग वेगळाच: हरीण पहिल्या गोळीनंतर उभं राहिलं, तर नजर न हलवता आणि हात फार न हलवता तयार होता येतं.

माझं एक खासगी कारणही आहे. मी डावखुरा. बहुतेक सगळ्या बोल्ट रायफलींची मूठ उजवीकडे, म्हणजे माझ्यासाठी नळीवरून हात पलीकडे नेऊन कसरत. डाव्या हाताच्या बोल्ट रायफली मिळतात, पण मोजक्या. लिव्हर मध्यभागी असते, तिला डावं-उजवं नाही. तुमच्या घरात कोणी डावखुरं असेल आणि रायफल दोघांत वापरायची असेल तर हा मुद्दा लक्षात ठेवा.

एआर घे म्हणणाऱ्या मित्राला एवढंच सांगा की पेनसिल्वेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. हाताने काडतूस चढवायची रायफलच लागते: बोल्ट, पंप, लिव्हर किंवा एकबारी. राज्याचं गेम कमिशन दरवर्षी नियमांची पुस्तिका काढतं, ती परवान्याबरोबर बघून घ्या. आणि उद्या नोकरी ओहायोत गेली तर दुसराच पेच. तिथे २०१४ पासून हरणाला रायफल चालते, पण काडतूस सरळ भिंतीचं हवं. थर्टी-थर्टीची पुंगळी तोंडाशी बाटलीसारखी निमुळती होते, म्हणून ती तिथे चालत नाही. फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटी, फॉर्टी-फोर मॅग्नम, थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम ही सरळ काडतुसं चालतात. रेमिंग्टनने तर २०२३ मध्ये थर्टी-थर्टीचीच पुंगळी सरळ करून ‘थ्री-सिक्स्टी बकहॅमर’ नावाचं काडतूस काढलं ते अशाच राज्यांसाठी. दीडशे वर्षांपूर्वीच्या यंत्रणेसाठी आज नवं काडतूस निघतंय ते असल्या कायद्यांमुळे, काऊबॉयच्या सिनेमांमुळे नाही.

आता तोटे, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही.

पहिला तोटा पल्ल्याचा. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, तिथल्या टोपीवर टेकलेलं, आणि टोपीवर ठोका बसला की बार उडतो. टोक अणकुचीदार असेल आणि रायफलला हिसका बसला तर ते टोक टोपीवर ठोका मारायचं काम करू शकतं. म्हणून या रायफलींत चपट्या किंवा गोल तोंडाच्या गोळ्या वापरतात, आणि चपटं तोंड हवेला जास्त अडतं. थर्टी-थर्टीची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून निघते सेकंदाला सुमारे २,३९० फुटांनी, तेवढ्याच वजनाची थ्री-ओ-एट, म्हणजे बोल्ट रायफलीतल्या नेहमीच्या काडतुसाची, सुमारे २,८२० फुटांनी, शिवाय टोकदार असल्याने वेग टिकवते. थर्टी-थर्टी शंभर यार्डांवर जुळवली तर दोनशेवर ती सात-आठ इंच खाली येते. हरणाच्या छातीतला जिथे गोळी लागायला हवी तो भाग साधारण आठ इंचांचा. म्हणून माझी मर्यादा दीडशे यार्ड, त्यापलीकडे मी नुसतं बघतो. काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नडी कंपनीने मऊ रबरी टोकाच्या गोळ्या काढल्यापासून पल्ला थोडा वाढलाय. मी त्या वापरतो, पण मर्यादा बदललेली नाही. पेटीचं मॅगझीन असलेल्या लिव्हर रायफलीही आहेत, उदाहरणार्थ ब्राउनिंगची बीएलआर. त्यांत टोकदार गोळ्या चालतात, फक्त ती चपटी पकड गेली.

दुसरा तोटा नेमाचा. लाकूड दोन तुकड्यांत, नळीला दुसरी नळी बांधलेली, वर कड्या. चार गोळ्या भराभर झाडल्या की नळी तापते आणि नेम सरकतो. बाकावर टेकवून शंभर यार्डांवर दोन इंचांचा गट पडला, म्हणजे सगळ्या गोळ्या दोन इंचांत लागल्या, तर रायफल चांगली म्हणायची. पाचशे डॉलरची बोल्ट-अ‍ॅक्शन हे सहज मोडते. तुमचे मित्र इथे शंभर टक्के बरोबर आहेत.

तिसरा तोटा रिकामी करण्याचा. मार्लिन आणि विंचेस्टरला काडतुसं बाजूच्या फटीतून भरायची. भरणं सोपं, पण काढायची वेळ आली की एकेक काडतूस लिव्हर मारून नळीपाशी आणायचं आणि बाहेर टाकायचं. म्हणजे दिवसभर दमून, बोटं गारठलेली, अंधार पडलाय आणि तुम्ही जिवंत काडतुसं घोड्याखालून फिरवताय. ट्रकमध्ये भरलेली रायफल ठेवणं इथे गुन्हा आहे आणि मॅगझीनमध्ये काडतूस असलं तरी ती भरलेलीच धरतात, त्यामुळे हे रोज करावं लागतं. हेन्री कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या रायफलींत मॅगझीनची आतली नळी पुढून ओढून काडतुसं सरळ ओतता येतात. नवीन माणसाला हे फार सोयीचं. अलीकडच्या काही मॉडेलांत दोन्ही सोयी आहेत.

चौथा तोटा घोडा. हा मी स्वतः भोगलाय. तिसरा सीझन, थंडी उणे दहाच्या खाली, मी मचाणावरून उतरायच्या तयारीत. हरीण येईल म्हणून घोडा चढवलेला, तो आता हळूच उतरवायचा होता. जाड हातमोजा. अंगठ्याने घोडा धरला, दुसऱ्या हाताच्या बोटाने चाप ओढला आणि अंगठा सटकला. बार उडाला. नळी खाली होती म्हणून गोळी माझ्या बुटापासून दीड हातावरून खाली बर्फात गेली. कानात शिट्टी, बर्फात काळं भोक आणि मी तिथेच फांदीला टेकून दहा मिनिटं बसलो. त्या दिवशी घरी येऊन बायकोला काही सांगितलं नाही. सांगितलं ते दोन वर्षांनी.

चूक हातमोज्याची नव्हती, चापावर दाबून ठेवलेल्या बोटाची होती. जुन्या लिव्हर रायफलींत घोड्याला अर्ध्यावर एक खाच असते, तीच त्यांची सुरक्षा. योग्य रीत अशी: नळी जमिनीकडे. अंगठा घोड्यावर पूर्ण टेकवा. चाप तेवढाच ओढा की घोडा सुटेल, आणि सुटल्याबरोबर बोट चापावरून काढा. मग घोडा खाली येऊ द्या. आता अंगठा सटकला तरी घोडा अर्ध्या खाचेत अडकतो, काडतुसापर्यंत पोचत नाही. माझं बोट चापावर दाबलेलंच होतं, म्हणून खाच असून नसल्यासारखी झाली. नंतरच्या मॉडेलांत आडव्या खिटीची किंवा मागच्या सरकत्या बटणाची सुरक्षा आली. जुने लोक तिला नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. घरी रिकाम्या रायफलीवर, डमी काडतुसं घालून, हातमोजे चढवून हे शंभर वेळा करा. नाहीतर सोपा मार्ग: घोडा चढवूच नका, हरीण दिसल्यावर चढवा. फार तर बारीकसा टिक् आवाज होतो.

इतिहासात मी सहसा शिरत नाही, पण मित्र ‘जुनाट’ म्हणतात म्हणून थोडंसं. १८६० मध्ये कनेटिकटच्या न्यू हेवनमध्ये बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने सोळा काडतुसांची लिव्हर रायफल पेटंट केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात बाकीचे लोक ठासणीच्या बंदुका भरत होते, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या मॅगझीनला लांब उघडी फट होती, तिच्यात माती जायची. १८६६ मध्ये विंचेस्टरने बाजूची भरण्याची फट आणली आणि आज तुम्ही भरता ती तीच रीत. १८९४ चं मॉडेल जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालं. पुढच्याच वर्षी त्यात बिनधुराच्या दारूचं थर्टी-थर्टी काडतूस आलं आणि त्या एका मॉडेलच्या सत्तर लाखांहून जास्त रायफली विकल्या गेल्या. पण मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट अमेरिकेबाहेरची वाटते. १८७७ साली, आज बल्गेरियात असलेल्या प्लेव्हेनला तुर्कांनी रशियन फौजा अडवल्या. तुर्की सैनिक लांबच्या माऱ्याला एकबारी पीबॉडी-मार्टिनी वापरत आणि रशियन जवळ आले की शेजारी ठेवलेली विंचेस्टर उचलत. लिव्हर रायफल कशासाठी आणि कशासाठी नाही, हे त्या शिपायांना तेव्हाच कळलेलं होतं. पुढे सैन्यांनी ती सोडली, कारण जमिनीवर पालथं पडून लिव्हर मारायला जागा नसते आणि टोकदार गोळ्यांचा जमाना आला. हरणाची शिकार पालथं पडून कोणी करत नाही.

इथवरचा हिशेब असा. दाट जंगल, दीडशे यार्डांच्या आतली गोळी, दिवसभर चालणं किंवा हाका, आणि डावखुरेपणा असला तर तोही, या सगळ्याला लिव्हर रायफल जमते. शेताच्या कडेला मचाणावर बसून मोकळ्या पट्ट्यावर नजर ठेवायची असेल, किंवा एकाच रायफलीत सगळं हवं असेल, तर बोल्ट घ्या आणि वाचलेल्या पैशांत काडतुसं आणा.

लिव्हरच घ्यायची ठरली तर पहिल्या रायफलीसाठी थर्टी-थर्टीच. धक्का बेताचा, काडतुसं इथल्या लहान गावांतल्या दुकानांतही मिळतात. फॉर्टी-फाइव्ह सेव्हंटीच्या मोहात पडू नका. ते १८७३ मधलं लष्करी काडतूस, हलक्या रायफलीत झाडलं की खांद्याबरोबर कडीतल्या बोटांनाही मार बसतो, आणि धक्क्याला घाबरून डोळे मिटायची सवय लागली की ती सोडवायला वर्षं जातात. अस्वलासाठी हवं म्हणाल तर आमच्याकडची काळी अस्वलं थर्टी-थर्टीने पडतात. थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम मजेचं आहे. रिव्हॉल्व्हरच्या मानाने लांब नळीत त्याचा वेग साधारण दीडपट होतो, पण हरणावर मी ते शंभर यार्डांच्या बरंच आत ठेवीन.

नवी लिव्हर रायफल आज हजार डॉलरच्या आसपास पडते. मार्लिन २०२० मध्ये रूगरने घेतली, आता त्यांच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या कारखान्यात होते. विंचेस्टर ९४ जपानमध्ये बनते. कोणी अस्सल अमेरिकी म्हणून गळ्यात मारायला लागला तर त्याला नळीवरचा शिक्का वाचायला सांगा, काम मात्र उत्तम असतं. आजची हेन्री कंपनी १९९० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये सुरू झाली, त्या जुन्या हेन्रीशी नातं फक्त नावाचं. पण तुमच्या जागी मी जुनी घेईन. या राज्यात जुन्या ३३६ दर दुसऱ्या घराच्या कपाटात आहेत, आणि आजोबा गेले की नातवंडं त्या आमच्या बाकावर आणून ठेवतात.

जुनी बघताना आधी स्क्रू बघा. खाचा खाल्लेल्या असतील तर कोणीतरी घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडलेली आहे, आत काय केलंय देव जाणे. मग रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून घोडा अर्ध्या खाचेत ठेवा आणि अंगठ्याने पुढे दाबा. सुटला तर तिथूनच परत फिरा. ३३६ चा मोठा गुण असा की लिव्हरचा एकच स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट हातात येतात आणि नळीत मागून डोकावता येतं. विंचेस्टर उघडणं एवढं सोपं नाही. मालकाने परवानगी दिली तर सहा डमी काडतुसं भरून जोरात फिरवा. मार्लिनचा एक ठरलेला आजार आहे: काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीची कड झिजते, मग दुसरं काडतूस तिच्याखाली घुसतं आणि लिव्हर अर्ध्यात अडकून बसते. आमच्या बाकावर हा रोगी महिन्याला एक तरी येतो. इलाज आहे, पट्टी बदलायची, पण किंमत ठरवताना तेवढे पैसे कापून घ्या. विंचेस्टर असेल तर १९६४ आधीची बघा, त्यानंतर आतले भाग स्वस्तात बनवायला लागले. आणि १९८२ च्या आधीच्या विंचेस्टरमधून पुंगळी सरळ वर उडते, त्यामुळे दुर्बीण मधोमध बसत नाही. मार्लिनची बाजूला पडते. माझे डोळे आता साठीकडे झुकलेत, म्हणून मी मागे भोकाचा पीप साइट लावलाय. तुम्ही चाळिशीच्या आत असाल तर साध्या साइटवर सुरुवात करा.

आणि लिव्हर लाजत-लाजत मारू नका. नवीन माणसाच्या रायफली अडकतात त्या बहुतेक यामुळेच: कडी पूर्ण पुढे न नेता अर्ध्यातून परत ओढली की पुंगळी बाहेर पडत नाही आणि नवं काडतूस तिच्यावर चढतं. दार उघडताना कडी खटकन सोडतो तशी शेवटपर्यंत न्या, तेवढ्याच जोराने परत आणा. सीझनआधी निदान दोन पेट्या, म्हणजे चाळीस काडतुसं, उभं राहून पन्नास यार्डांवर झाडा. बाकावर टेकवून गट पाडत बसण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

शेवटी एक सुचवतो. दुकानात जाण्याआधी आजोबांनाच विचारा, ती रायफल द्यायची आहे का. वय झालेल्या शिकाऱ्यांना आपली रायफल कोणाकडे जाते याची काळजी असते आणि ते ओळखीच्याला योग्य भावात देतात. व्यवहार मात्र दुकानदारामार्फत, फॉर्म भरून करा. तुमचा व्हिसा तात्पुरता असेल तर तिथे परवान्याची प्रत लागेलच. मार्लिन असेल आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरची असेल, तर सिरीयल नंबरातले पहिले दोन आकडे शंभरातून वजा करा, साल निघतं. २२ असेल तर १९७८. त्याआधीची असेल तर हा हिशेब लागू होत नाही, तेव्हा नंबराच्या सुरुवातीला अक्षर आहे का ते बघून मला कळवा.